फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड

नगर हे वाहनांचं गाव आहे, हे नगरबाहेरच्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. 1948 मध्ये इथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं आणि रणगाडा चालवणाऱ्या जवानांच्या पिढ्या या शहरात घडल्या. 1994 मध्ये रणगाड्यांचं संग्रहालय झालं. शाळेच्या सहलीत ते पाहिलेली मुलं आता स्वतःच्या मोटारी घेऊन फिरतात. डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्थाही इथेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नवीन गाडी रस्त्यावर येण्याआधी तिच्या चाचण्या घेणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक.

या लष्करी नगरकडून घरच्या मोटारीसाठी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. लष्करात गाडी ताब्यात असलेल्या प्रत्येक चालकाला तीन तपासण्या चुकत नाहीत. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड. या परेडमध्ये कोणी कदम-ताल करत नाही. चालक बॉनेट उघडतो, खाली वाकून पाहतो, चाकांना हात लावतो आणि दिसलेला दोष नोंदवतो. गाडी युद्धात बंद पडली तर मेकॅनिक येईपर्यंत शत्रू थांबत नाही, म्हणून ही सवय अंगात मुरवलेली असते. आपल्याला युद्धावर जायचं नाही, पण माळशेज उतरून कल्याणला जायचं असतं, लेकराबाळांना घेऊन समृद्धी महामार्गावर चढायचं असतं. आपली परेड मात्र सर्व्हिसिंगच्या तारखेलाच होते, तीही दुसऱ्याच्या हातून.

सर्व्हिसिंगची तारीख कुठून आली, हे आधी पाहू. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं असतं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात देखभालीची दोन वेळापत्रकं असतात. एक नेहमीच्या वापरासाठी, दुसरं कठीण वापरासाठी. कठीण वापर म्हणजे काय, तेही लिहिलेलं असतं: धुळीचे रस्ते, कडक ऊन, डोंगराळ चढउतार, पूर्ण भरलेली गाडी, गर्दीतलं रखडत चालणं, रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या. ही यादी वाचताना पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या माणसाला वाटेल की हे आपल्या रस्त्यांचंच वर्णन आहे. 17 हजार चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा हा जिल्हा. एका टोकाला अकोले तालुक्यातलं घाटघर, जिथे पावसाळ्यात समोरचं दिसत नाही, आणि दुसऱ्या टोकाला टँकरची वाट पाहणारी गावं. मधल्या बागायती पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या. माझं स्पष्ट मत आहे की या जिल्ह्यातल्या बहुसंख्य गाड्यांनी दुसरंच वेळापत्रक पाळायला हवं. शोरूममध्ये विचारलं तर दहा हजार किलोमीटर सांगतात. पुस्तकातला कठीण वापराचा तक्ता उघडला तर एअर फिल्टर आणि ऑइल त्याच्या बरंच आधी बदलायला सांगितलेलं असतं.

एअर फिल्टरचंच घ्या. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनला सुमारे नऊ ते दहा हजार लिटर हवा लागते. नगर ते पुणे एवढ्या प्रवासात साधी छोटी मोटारही पन्नास-साठ हजार लिटर हवा ओढून घेते. या हवेतली धूळ अडवायला जाड घडीदार कागदाची एकच चौकट असते. मातीतले बारीक कण, विशेषतः वाळूचे, लोखंडावर ओरखडे काढण्याइतके कठीण असतात. ते आत गेले तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासत जाते. मग गाडी ‘ऑइल खायला’ लागते, पिकअप जातो आणि शेवटी इंजिनकामाचा खर्च येतो. फिल्टर चोंदला की मायलेजवरही परिणाम होतो. एअर फिल्टरचा डबा बहुतेक गाड्यांत दोन-चार क्लिपा उघडल्या की हाती येतो. कागद काढून उजेडासमोर धरा. घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर तो बदलायचा. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने तो झटकून पुन्हा बसवण्याची पद्धत गॅरेजात सर्रास आहे. त्याने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि फिल्टर असूनही नसल्यासारखा होतो. चारशे-पाचशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

आता फर्स्ट परेड. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, इंजिन थंड असताना. आठवड्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाच्या दिवशी हमखास. आधी गाडी उभी होती तिथे जमिनीवर पाहायचं. एसी लावून आलेल्या गाडीखाली पडलेलं स्वच्छ पाणी चिंतेचं नाही. काळा किंवा तपकिरी चिकट डाग ऑइलचा. हिरवट, गुलाबी किंवा निळसर, बोटाला किंचित बुळबुळीत लागणारा डाग कूलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल असेल तर ती ब्रेक ऑइलची असू शकते. अशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये, मेकॅनिकला घरी बोलवावं.

मग बॉनेट. डिपस्टिक काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरून ‘जास्त असलेलं बरं’ म्हणणं चूक आहे. क्रँकशाफ्ट त्यात आपटून फेस होतो आणि सील फुटतात. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं, त्याची काळजी करू नका. ते दुधाळ, चहाच्या रंगाचं झालं असेल तर मात्र त्यात पाणी मिसळलंय, आणि बहुधा हेड गॅस्केट गेलंय.

शेजारीच कूलंटची अर्धपारदर्शक बाटली असते, तिच्यावरही दोन खुणा असतात. आपल्या भागात बाटलीत, नाहीतर थेट रेडिएटरमध्ये, बोअरचं पाणी ओतण्याची सवय फार. बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि दोन उन्हाळ्यांत नळ्या अर्ध्या बुजतात. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यातलं ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं आणि बाकीची रसायनं ॲल्युमिनियमला गंजू देत नाहीत. तयार कूलंट मिळतं, किंवा घट्ट कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणी साधारण निम्मंनिम्मं मिसळतात. रस्त्यात नाइलाजाने साधं पाणी घातलंच, तर गावी पोचल्यावर ते काढून टाकून कूलंट भरून घ्यावं.

गाडी गरम होणं हा उन्हाळ्यातला सर्वांत महागात पडणारा दोष आहे, आणि तो महागात पडतो तो चालकाने पुढे रेटल्यामुळे. काटा वर चढला किंवा लाल दिवा लागला की एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण सुरू करायचा. उन्हाळ्यात हीटर म्हटल्यावर घरचे ओरडतील, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची उष्णता तो गाडीत ओढून घेतो. तेवढ्या वेळात सुरक्षित जागा पाहून थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, अर्ध्या तासाने वरचा होज हाताला थंड लागेपर्यंत तर नाहीच. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे सुमारे 120 अंशांपर्यंत न उकळता राहतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि उकळतं पाणी वाफेसह क्षणात अंगावर येतं. चेहरा आणि हात भाजल्याच्या कितीतरी घटना अशाच घडतात. ‘अजून पाचच किलोमीटर, पुढे गॅरेज आहे’ म्हणत तशीच दामटली की हेड वाकतं. पन्नास रुपयांच्या क्लॅम्पने सुटलं असतं ते काम पन्नास हजारांवर जातं.

टायरकडे वळतो, कारण समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून नगर जिल्ह्यात टायरचा विषय जिवाचा झाला आहे. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. कोपरगाव तालुक्यातून जाणारा हा काँक्रीटचा रस्ता मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा देतो. तोपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक गाड्या सलग तासभर एवढ्या वेगाने कधी धावल्याच नव्हत्या. सुरुवातीच्या महिन्यांतच अपघातांच्या कारणांत टायर फुटणं पुढे आलं आणि परिवहन विभागाने महामार्गावर चढण्याच्या ठिकाणी टायर तपासून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली. लोक मात्र दोष काँक्रीटला देत राहिले.

टायर फुटतो तो आतल्या उष्णतेने, आणि ही उष्णता मुख्यतः हवा कमी असल्यामुळे तयार होते. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते. 120 च्या वेगाला छोट्या मोटारीचं चाक मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतं, म्हणजे तीच भिंत मिनिटाला हजार वेळा वाकते. रबर तापतं, आतल्या दोऱ्यांचे थर सुटू लागतात. वर मे महिन्याचं ऊन, पाच माणसं आणि डिकीत सामान. एवढं जुळून आलं की टायर फुटायला निमित्त लागत नाही. म्हणूनच ‘उन्हाळा आहे, हवा कमीच ठेवा, प्रसरण पावते’ हा पंक्चरच्या दुकानात मिळणारा सल्ला घातक आहे. तापमान 10 अंशांनी वाढलं की मोटारीच्या टायरमधला दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो, हे खरं. पण कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. चालकाच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर दोन आकडे आहेत: कमी माणसांसाठीचा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठीचा. लांबच्या प्रवासाला दुसरा आकडा. हवा सकाळी, घराजवळच्या पंपावर भरावी. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये.

नायट्रोजन भरावा का, हा प्रश्न हमखास येतो. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनचा फायदा एवढाच की त्यात ओल नसते आणि दाब जरा सावकाश उतरतो. भरला तर उत्तम. पण नायट्रोजन भरून दोन महिने न पाहिलेल्या टायरपेक्षा साधी हवा भरून दर पंधरा दिवसांनी तपासलेला टायर कधीही बरा.

एकदा गाडीजवळ बसून टायरची भिंत नीट वाचा. अक्षरांच्या गर्दीत एका लांबट गोलात शेवटचे चार आकडे सापडतील. 2321 असेल तर तो टायर 2021 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. टायर कमी चाललेला असला, नक्षी जाड असली तरी रबर वयाने कडक होतं. सहा वर्षांनंतर जाणकाराला दाखवावा, आणि दहा वर्षांचा टायर कितीही नवा दिसला तरी रस्त्यावर आणू नये. नक्षीच्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्याशी समतल झालं की नक्षी 1.6 मिलिमीटर उरली आणि कायद्यानेही टायर संपला. भिंतीला बोराएवढा फुगा आला असेल तर आतले दोरे तुटले आहेत. त्याला दुरुस्ती नाही. आणि स्टेपनी! चार टायरची हवा पाहणारे शंभर, पाचव्याची पाहणारा एखादा. सीएनजी गाडीत स्टेपनी आणि टाकी दोन्ही डिकीत असतात, तेव्हा तिथे गेलाच आहात तर टाकीवरची पट्टीही वाचा. सीएनजी टाकीची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

हॉल्ट परेड म्हणजे चहाला थांबल्यावरची दोन मिनिटं. चहा आधी सांगा, तो होईपर्यंत गाडीभोवती एक चक्कर मारा. चारही चाकांजवळ हाताची पालथी बाजू न्या, स्पर्श न करता. एकच चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखी धग टाकत असेल तर तिथला ब्रेक चिकटला आहे किंवा बेअरिंग गेलंय. ही खूण कुठलाही दिवा दाखवत नाही.

घाट उतरल्यावर तर ही चक्कर हवीच. पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी घाट, संगमनेरचा चंदनापुरी, संभाजीनगरकडे जाताना इमामपूर, आणि जिल्ह्याबाहेर पडताच माळशेज: नगरच्या माणसाला घाट टळत नाहीत. दीड टन वजनाची भरलेली मोटार 200 मीटर खाली उतरली, तर नऊ लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल एवढी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. ती सगळी ब्रेकने शोषायची, की काही भाग इंजिनला द्यायचा, हे चालकाच्या हातात असतं. ज्या गिअरमध्ये गाडी तो घाट चढते, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, ही जुन्या ट्रकचालकांची शिकवण शास्त्राला धरून आहे. इंजिन गाडीला मागे धरतं आणि ब्रेक वळणासाठी ताजे राहतात.

न्यूट्रलमध्ये घाट उतरल्याने इंधन वाचतं, ही समजूत कार्बोरेटरच्या काळातली आहे. आजच्या इंजेक्शन इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण तोडलं जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं इंधन जात राहतं. म्हणजे बचत तर नाहीच, उलट खर्च. इंजिन बंद करून उतरणं तर सरळ जिवाशी खेळ. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या निर्वातावर चालतो. दोन-तीनदा पाय दाबला की तो साठा संपतो आणि पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड होतं.

घाटात पेडल खाली खाली जायला लागलं तर त्याचं कारण बहुधा ब्रेक ऑइल असतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-4 प्रतीच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान 230 अंश असतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरलं की तो 155 पर्यंत येऊ शकतो. तापलेल्या ब्रेकजवळ ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबला तर बुडबुडे दबतात, ब्रेक लागत नाही. बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. सर्व्हिसिंगच्या बिलात ही ओळ शोधून पाहा. पॉलिश आणि वॅक्सचे पैसे सापडतील, ही ओळ बहुतेकदा सापडणार नाही.

पावसाळ्यात अकोल्याकडे जाताना फरशी पुलावर पाणी असेल तर थांबावं, एवढंच सांगतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. इंजिनमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि त्या एका प्रयत्नात कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढलेली गाडी वाचते.

लास्ट परेड घरी परतल्यावरची, आणि तिचा धडा एसटीकडून घ्यावा. 1 जून 1948 ला एसटीची पहिली बस पुण्याहून निघून नगरला आली. एसटी इतकी वर्षं खेडोपाडी चालली ती आगारांच्या जोरावर. दिवसाची फेरी संपली की चालकाने दोष सांगायचा आणि मेकॅनिकने पाहायचा, ही पद्धत. घरच्या गाडीसाठी एक छोटी वही पुरे. ‘ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढते’, ‘थंड असताना टकटक, तापल्यावर बंद’, ‘खड्ड्यात पुढून खडखड, उजवीकडे’ असं कधी, कुठे, कोणत्या वेगाला ते लिहावं. ‘गाडीत आवाज येतोय, बघा’ एवढं सांगून गाडी सोडली तर मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत जातो आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे आपण भरतो.

उभ्या गाडीचेही दोष असतात. मुलगा पुण्यात, गाडी गावात, आणि ती निघते फक्त लग्नसराईत. अशा गाडीची बॅटरी उतरते. उन्हाळ्यातली उष्णता बॅटरीचं आयुष्य थंडीपेक्षा जास्त खाते, हिवाळ्यात फक्त ते उघडकीला येतं. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. आठवड्यातून एकदा नुसती सुरू करून पाच मिनिटांत बंद केल्याने ती भरत नाही, गाडी अर्धा तास चालवावी लागते. नव्या बीएस-6 डिझेल गाड्यांना तर ही अर्ध्या तासाची सलग धाव आणखी एका कारणाने लागते. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर गाडी वेगात आणि गरम असतानाच स्वतःला जाळून साफ करतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या डिझेल गाडीत तो चोंदतो. कांदाचाळीजवळ किंवा उसाच्या फडाशेजारी गाडी लावणाऱ्यांनी बॉनेट वरचेवर उघडावं. उंदीर वायरिंग कुरतडतात आणि तो दोष शोधायला दिवस जातात.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. त्यातला काही वाटा आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतून जातो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असल्यामुळे मायलेज थोडं कमी होणारच, त्याला गाडीचा दोष समजू नये. एप्रिल 2023 आधीची गाडी असेल तर मात्र सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाच्या रबरी नळ्या आणि वॉशर तपासून घ्यावेत. पेट्रोलचा वास येत असेल तर त्याच दिवशी.

आणि गॅरेजातून गाडी ताब्यात घेताना बदललेला प्रत्येक जुना पार्ट मागून घ्या. जुना एअर फिल्टर, ब्रेकचे पॅड, बेल्ट, जे बदललं असेल ते. ते हातात घेऊन किती झिजलं होतं ते विचारा. चांगला मेकॅनिक दोन मिनिटं थांबून दाखवतो. पुन्हा त्याच्याकडेच जा.